खड्ड्यातली कावेरी

ओल्या हळदीचा वास आला की मला कावेरीच्या पात्रातला तो खड्डा आठवतो. कुंभकोणमच्या नळांना पाणी पुरेना, म्हणून स्वामीमलैकडच्या पंचायतींनी त्यांच्या बोअरवेलचं पाणी शहराला द्यावं, असा करार करायचा होता आणि शहराच्या बाजूनं बोलणी करणाऱ्यांत मी होतो. सह्यांसाठी आम्ही मुद्दाम तमिळ आडी महिन्यातला नदीपूजेचा दिवस निवडला. नदीत नुसती वाळू होती, तेव्हा बायकांची पूजा अडू नये म्हणून आमच्या साहेबांनी पात्रात खड्डा खणून त्यात एक टँकर रिकामा करवला. वाळू पायाला चटके देत होती. बायका ताटांत हळद, पिवळे दोरे, चिंचेचा भात घेऊन उभ्या होत्या. सही करायच्या आधी पंचायतीच्या अध्यक्षबाईंनी ड्रायव्हरला सहज विचारलं, "तंबी, टँकर कुठं भरलास?" तो म्हणाला, "तुमच्याच गावाबाहेरच्या बोअरवर, अम्मा. दुसरीकडे पाणी आहे कुठं?" साहेब रुमालानं मान पुसू लागले. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार, पण बाई चिडल्यासुद्धा नाहीत. पेन माझ्या हातात परत देऊन त्या बायकांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "पूजा उरकून घ्या गं, हे जिरायच्या आत." दोरे बांधून, फुलं सोडून होईतो खड्ड्याच्या तळाशी पिवळा चिखल तेवढा उरला होता. करार पुढे वरून हुकूम येऊन झालाच. आता ती बोअरवेलही आटली आहे, आणि आडीत आमच्या घाटावर टँकर येतो तसाच त्यांच्या गावातही येतो. तो कुठं भरतात, हे मी कुणाला विचारत नाही.