गोंदियात घेतलेलं नाव

आमच्या घरी शेत नव्हतं. पावसाळ्यात दुसऱ्यांच्या बांध्यांत धानाची रोवणी, उन्हाळ्यात तेंदूपानं तोडायची आणि उरलेलं वर्ष बिड्या, असं घर चालायचं. मी तिसरीत असताना आमचे बाबा, नामदेव, गेले. त्याच वर्षी माझी थोरली बहीण सुगंधा, आमची ताई, सासरहून कायमची मायकडे परत आली. नवऱ्याने दुसरी आणली होती. तेव्हापासून गावात तिची ओळख एकच झाली... नामदेवची टाकलेली पोरगी. हे मागून नाही, तोंडावर म्हणायचे. आमच्याकडे मागून बोलायची पद्धत कमीच. ताई ऐकून घ्यायची आणि मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत राहायची. त्या बिड्यांवर माझी शाळा झाली, तालुक्याला, अर्जुनी मोरगावला, बारावी झाली आणि मग गोंदियाला बी.ए. आमच्या खानदानात कॉलेजचा जिना चढलेली मी पहिली. हे मी अभिमानाने सांगते, कोणाला आवडो न आवडो. ताईला जाऊन आता सव्वा महिना झाला. तंबाखूच्या धुळीने छाती तर तिची कधीपासूनच धरली होती.

तिला गाण्याचं वेड होतं. आमच्या वस्तीत आंबेडकर जयंतीला कव्वालीचा सामना असतो, एकीकडे गायक, दुसरीकडे गायिका. तिथली एक रीत आहे. गाणं आवडलं की ऐकणारा उठतो, नोटेला नावाची चिठ्ठी लावून स्टेजवर देतो. मग गाणारा गाणं मधेच थांबवून माईकवर सांगतो, अमुक गावच्या अमुक यांच्याकडून बक्षीस, त्यांना आमचा जयभीम. नाव घेतलेला माणूस पुढे आठ दिवस गावात छाती काढून फिरतो. देणारे सगळे पुरुष. बाईने दिलंच तर नवऱ्याच्या नावाने. ताई बायकांच्या बाजूला बसून ते ऐकायची. पुढे शेजारच्या घरी टीव्ही आला आणि त्यावरची गाण्याची स्पर्धा हासुद्धा तिला सामनाच वाटला. हात बिडीवर, डोळे टीव्हीवर. त्यातली एक सावळी, खेड्यातून आलेली मुलगी तिची लाडकी होती. "पाह्य कशी गाऊन रायली, भेत नाही कोणाले," म्हणायची. ती मुलगी जिंकली नाही. त्या दिवशी ताई जेवली नाही.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला गोंदियाजवळ फुलचूरला खोली करून राहत होते, तेव्हा त्या स्पर्धेतले गायक देशभर फिरत फिरत गोंदियालाही येणार असं कळलं. कॉलेजातून फुकटचे पास मिळाले. शेजाऱ्यांच्या फोनवर ताईला कळवलं, आणि ती दुसऱ्याच दिवशी पॅसेंजरने हजर. खोलीवर आल्या आल्या तिने पोलक्यातून पन्नासची कोरी नोट काढली आणि म्हणाली, "चिठ्ठी लिह."

मी विचारलं, "नावाच्या आधी सौ. लिहू की श्रीमती?"

"काहीच नको लावू. नुसतं नाव लिह. गाव लिह, तालुकाही लिह. गोंदियाच्या लोकायले समजलं तं पाहिजे कोठची आहे म्हणून."

तिथे असं बक्षीस कोणी देत नाही, मधेच थांबून कोणी नाव घेत नाही, हे मला माहीत होतं. तिचं तोंड पाहून मला सांगवलं नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. खरं असं आहे की मला वाटलं, एवढी गर्दी पाहून ती आपोआप गप्प बसेल. मी चांगल्या अक्षरात लिहून दिलं, सुगंधा शहारे. तिने ती चिठ्ठी टाचणीने नोटेला लावली आणि मूठ मिटली, ती मैदानावर पोहोचेपर्यंत उघडली नाही.

आमच्या खुर्च्या पार मागे होत्या. स्टेजवरची माणसं अंगठ्याएवढी दिसायची, बाजूच्या पडद्यावर मोठी. ताईची ती टीव्हीवरची लाडकी मुलगी गायला आली तशी ताई उठली. मी पदर धरला, "बस नं ताई, इथं तसं नाही देत."

"काऊन नाही देत? गाणारी नाही का थे?"

ती गेली. मी उठले नाही. बाजूला कॉलेजच्या मुली बसल्या होत्या... मला दिसत होतं सगळं. आमच्या रांगांपुढच्याच बांबूच्या कठड्यापाशी गार्डने तिला अडवलं. त्याचा आवाज मागेपर्यंत आला, "अरे दीदी, कहाँ घुसी जा रही हो? पीछे चलो!" ताईने नोट वर धरून काहीतरी सांगितलं. तो दुसऱ्याला म्हणाला, "सुनो, मैडम को इनाम देंगी ये!" दोघं हसले. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवलेल्या तिसऱ्याने नोट घेतली आणि तिला हाताने जा म्हटलं. तेवढ्यात गाणं संपलं, नाचाचं गाणं सुरू झालं, पोरं कठड्याकडे धावली आणि ताई मला दिसेनाशी झाली.

ती परत आली ते दुसरंच गाणं संपत असताना. लोटालोटीत तिला पार जनरेटरमागे नेऊन टाकलं होतं. एका पायात चप्पल नव्हती. खुर्चीत बसायच्या आधीच तिने विचारलं, "घेतलन का नाव? तिकडं त्या मशीनच्या आवाजात काहीच नाही आलं ऐकू."

मी म्हणाले, "हाव. घेतलं."

"का म्हणली?"

"म्हणाली... सुगंधा शहारे, अर्जुनी मोरगाव, यांचे आभार."

"जयभीम म्हणली का?"

"नाही," मी म्हणाले, "नमस्ते म्हणाली."

ताईने जरा विचार केला. "तिले का मालूम राहणार आपलं," म्हणाली, आणि एक चप्पल मांडीवर घेऊन उरलेला कार्यक्रम तोंड भरून हसत पाहत बसली.

दुसऱ्या दिवशी तिला गाडीत बसवताना खरं सांगायचं होतं. तोवर तिने डब्यातल्या बायकांना सांगायला सुरुवात केली होती. मी गावी गेले तेव्हा सगळ्या गावाला माहीत. पुढच्या जयंतीला आमच्या वस्तीतले कव्वालीवाले भाऊ माईकवरूनच म्हणाले, "सुगंधाबाई, तुमचं तं टीव्हीवालीनं नाव घेतलन, आम्ही घेतलं तं चालते का?" लोक हसले. ताईने त्यांनाही बक्षीस दिलं, स्वतःच्या नावाने. कोणी शंका काढली की ती मला पुढे करायची, "हे होती नं तिथं. शिकेल आहे, खोटं बोलत नाही." मी मान हलवायची. मी बी.ए. झाले, डी.एड. झाले, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. लोक माझ्याकडून अर्ज लिहून घेतात, कागद वाचून घेतात. माझ्या शब्दाला गावात किंमत आली आणि ती सगळी त्या एका खोट्याला लागली.

दवाखान्यात शेवटचं भेटले तेव्हा तिच्या नाकाला नळी होती. बाजूच्या खाटेवरच्या बाईकडे बोट करून म्हणाली, "हिले सांग नं, गोंदियाचं." मी सांगितलं. दहा वर्षांत सांगताना माझंच नाव-तालुका पुढेमागे झालं होतं. ताई धापा टाकत म्हणाली, "पहिले तालुका नाही... पहिले नाव घेतलन." माझं खोटं तिला माझ्यापेक्षा चांगलं पाठ होतं. मी म्हणाले, "हाव ताई, पहिले नाव." दुसरं काय म्हणणार होते?

ताई गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला विहारासमोर माईक लावला होता. कव्वालीवाले भाऊ उठले आणि रडत म्हणाले, "आमच्या गावाचं नाव गोंदियात नेणारी बाई गेली." लोक मान डोलावत होते. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठले ती खरं सांगायचं ठरवूनच. माईक हातात धरला. समोर माय बसली होती, बिडीवाल्या बायका बसल्या होत्या, आणि सगळ्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या, की आता ही तीच गोष्ट सांगते. रोज वर्गात बोलणारी मी, पण तिथे नुसतं जयभीम म्हटलं आणि खाली बसले.

म्हणून इथे लिहिते. हा पेपर गावात येतो, वाचतील. हसायचं तर मला हसा. त्या संध्याकाळी गोंदियात ताईचं नाव कोणी घेतलं नाही. चिठ्ठी कुठे गेली मला माहीत नाही. पण त्यानंतर आमच्या गावात तिला कोणी टाकलेली म्हटलं नाही. लहानथोर सगळे सुगंधाबाईच म्हणाले, शेवटपर्यंत.