मामांनी सांगली धरली

मॅच सुरू व्हायला अर्धा तास उरला की मामा कडेच्या रेषेवर उकिडवे बसायचे, पलटणीतून आणलेली खाकी टोपी पार भुवयांवर ओढायचे आणि म्हणायचे, "त्वांड दिसाय नको. फकस्त पाय दिसू द्या."

टोपीखालून त्यांना माणूस कमरेच्या खालीच दिसायचा. तेवढ्यावर ते आज कोण जिंकणार ते सांगायचे. हात बघणारे साताऱ्यात गल्लोगल्ली आहेत. पाय बघणारे एकटे आमचे मामा.

मामा म्हणजे आमच्या कॉलेजचे ग्राउंडवरचे शिपाई. त्यांचं खरं नाव मस्टरवर असणारच, पण ते वाचायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. किल्ल्याच्या पायथ्याचं आमचं ग्राउंड म्हणजे आधी नुसता माळ होता. अकरा वर्षं दगड वेचून, मुरूम पसरून, रोलर ओढून मामांनी त्याचं ग्राउंड केलं. कडेला पत्र्याची शेड होती, तिच्यात रोलर, जाळ्या आणि मामा राहायचे. फुटबॉल ते लढाईत शिकले. खेळून नव्हे. गोरे खेळायचे आणि बाहेर गेलेला बॉल हे आणून द्यायचे.

"आमाला खेळाय कोन घेतंय?" ते म्हणायचे. "मग बघितलं. बघाय कोन आडवतंय?"

मामांशी पैज लावायची तर पैशाचं नाव काढायचं नाही. हरेल त्यानं पुढच्या मॅचची फक्की मारायची. फक्की म्हणजे ग्राउंडवर रेषा आखतात ती पांढरी पूड. आता मामा कधी हरायचेच नाहीत. त्यामुळे आमच्या ग्राउंडवर रेषा मारल्या त्या मामा सोडून बाकी सगळ्यांनी. केमिस्ट्रीच्या सरांनी एकदा वाईच्या पोरांना कमी लेखलं आणि दुसऱ्या आठवड्यात धोतर खोचून फक्कीची पाटी उचलली. गोलपुढचा चौकोन त्यांनी असा काही आखला, की आमचा गोलकीपर 'नक्की उभं कुठं राहायचं?' म्हणून रेफरीला विचारत होता.

कराडची इंजिनियरिंगची पोरं एकदा नवेकोरे बूट घालून आली. ते चकाकणारे बूट बघूनच आम्ही निम्मे हरलो आणि झाडून सगळे कराडच्या बाजूला गेलो. मामा टोपीखालून म्हणाले, "दुकानातनं सरळ हितंच आल्यात बूट. हाफटाइमाला बघा." हाफटाइमला कराडचे सहा जण बूट काढून फोड मोजत बसले होते. दुसऱ्या एका मॅचला पाहुण्यांचा सेंटर फॉरवर्ड तीनदा आडोशाला जाऊन आला. मामा म्हणाले, "त्येला जिंकायचं न्हाई. घरला जायचंय." तेही खरं झालं.

बरं, पाय म्हणतील तसं. आपलं कॉलेज म्हणून मामा सूट देत नसत. आमच्या विरुद्ध बाजूही ते बिनदिक्कत धरायचे, आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नसे. मामा आपल्यावर नाहीत असं कळलं की आमचा कॅप्टन मॅचच्या आधीच घरी हरल्याचं कार्ड टाकून यायचा.

मी तेव्हा कॉलेजातला नकल्या. प्रिन्सिपॉलांपासून मेसच्या आचाऱ्यापर्यंत कुणाला सोडलं नव्हतं. गॅदरिंगला मी मामांची नक्कल केली. टोपी तशीच, खोकला तसाच, "फकस्त पाय"सुद्धा तसंच. मांडव हसून हसून आडवा. मागच्या बाजूला मामा उभे होते. खाली उतरल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत, म्हणजे कमरेपासून खालपर्यंत, न्याहाळलं.

"आवाज बराबर हाय, गड्या," ते म्हणाले. "पाय खोटं हायत. मी टाचंवर बसतो, तू चवड्यावर बसलास."

एवढ्या टाळ्या पडल्या, पण माझ्या लक्षात राहिलं ते हेच.

पुढच्या वर्षी खेळाचे नवे सर आले. माणूस वाईट नव्हता, पण कॉलेजचा शिपाई कॉलेजविरुद्ध पैज लावतो हे ऐकून त्यांची झोप उडाली. फायनल आमच्याच ग्राउंडवर होती, सांगलीशी. सरांनी मामांना बोलावून सांगितलं, की शनिवारी सगळ्यांच्या देखत विचारीन. सातारा म्हणालात तर ग्राउंड तुमचं. सांगली म्हणालात तर सोमवारपासून लायब्ररीत पुस्तकं झटकायची, आणि शेड रिकामी.

शुक्रवारी दुपारी मी शेडवर गेलो. मामा रोलरच्या कण्याला तेल देत होते. मी म्हटलं, "मामा, सातारा म्हणून टाका. नुसतं तोंडानं म्हणायचंय. पाय मनातल्या मनात बघा."

"म्हनलं तर काय हुईल?"

"ग्राउंड राहील."

मामांनी रोलरवर हात ठेवला आणि पार पलीकडच्या गोलपर्यंत बघितलं. "ऱ्हाईल खरं," ते म्हणाले. मला वाटलं, जमलं.

शनिवारी सांगलीची पोरं एस.टी. स्टँडवरून चालतच आली. बूट बहुतेकांच्या गळ्यात, पाय उघडे. कृष्णेच्या वाळूत खेळणारी पोरं ती, बोटं अशी पसरलेली की पाय टाकला की जमीन धरून ठेवावी. मामा बसले, टोपी ओढली आणि त्यांच्या पायांकडे बघत राहिले. मग आमच्या पोरांचे पाय बघितले, पण फार वेळ नाही. आमच्यातला एक जण बुटाची नाडी तिसऱ्यांदा सोडून बांधत होता.

सर आले, सगळे गोळा झाले. सर मोठ्यानं म्हणाले, "हं मामा, सांगा. कुणाची बाजू?"

मामा खोकले. तोंड उघडलं. आणि मला राहवलं नाही. मी तिसऱ्या रांगेत पोरांच्या आड होतो. तिथूनच मामांच्या आवाजात बोललो, "सातारा, सायेब."

खोटं सांगत नाही, इतकी अस्सल नक्कल मी आयुष्यात केली नव्हती. पोरांनी शिट्ट्या मारल्या. सर खूश झाले, "शाब्बास मामा" म्हणून त्यांनी पाठ थोपटली. आता मामांनी फक्त गप्प बसायचं होतं. खोटंसुद्धा बोलायचं नव्हतं, खोटं माझ्या नावावर पडलं होतं.

मामा उभे राहिले. टोपी वर सारली आणि सरळ सरांच्या तोंडाकडे बघितलं.

"सायेब, आवाज माजा हाय, पर बोललो त्यो मी न्हवं. मी सांगली धरलीया."

सरांचा हात अजून मामांच्या पाठीवरच होता, तो त्यांनी काढून घेतला. "तुम्ही आहात तरी कुणाचे?" सर म्हणाले. "ठीक. सोमवारी लायब्ररी."

"व्हय," मामा म्हणाले आणि परत टाचांवर बसले.

मॅचमध्ये बॉल सगळा वेळ आमच्या अंगणात. सांगलीची पोरं आमच्यातून अशी निघून जायची की आमची नुसती मान वळायची. गोल होत नव्हता तो आमच्या गोलकीपरच्या कृपेनं. शेवटची पाच मिनिटं उरली असताना आमच्या एका पोरानं बॉल मारला. तो कुठं मारायचा होता हे त्याला आजही सांगता येणार नाही. बॉल सांगलीच्या बॅकच्या गुडघ्यावर आपटला आणि त्यांच्याच गोलमध्ये गेला. एक-शून्य. आम्ही जिंकलो आणि मामा हरले.

टोप्या उडत होत्या, पोरं लोळत होती. मी मामांजवळ जाऊन उभा राहिलो. ते विचारात पडले होते. "पाय बघितलं," ते म्हणाले. "गुडघा बघायचा ऱ्हायला."

तेवढ्यात सर आले, गुलालानं लाल झालेले. म्हणाले, "जाऊ द्या हो मामा, झालं गेलं. आपण जिंकलो. राहा ग्राउंडवरच." आम्ही टाळ्या वाजवल्या. सुटलो असंच वाटलं सगळ्यांना.

मामांनी टोपी काढून हातात घेतली. "आवं सायेब, मी काय बोललो त्यापायी जायाचं ठरलं हुतं. बॉल कुटं गेला त्यापायी न्हाई."

सरांनी दोनदा समजावलं. मामांनी दोन्ही वेळा मान हलवली, रागानं नाही, उलट फार प्रेमानं.

रविवारी मामांनी हरलेली पैज फेडली. पंधरा दिवस एकही मॅच नव्हती, तरी पाटी घेऊन एकट्यानं सगळं ग्राउंड आखलं. सुतळीचं टोक धरायला मी गेलो. कोपऱ्यावर पोचल्यावर मामा म्हणाले, "आवाज झ्याक काढतोस." आणि थोड्या वेळानं, "सुतळी वड जरा."

सोमवारी ते लायब्ररीत गेले. या टोकाच्या गोलवरून त्या टोकाच्या पोराला हाक मारणारा माणूस 'शांतता राखा'च्या पाटीखाली बसून कुजबुजायला लागला. खिडकी होती, पण ती सायकल स्टँडकडे उघडायची.

दोनेक महिन्यांनी कराडशी मॅच ठरली. मी पुस्तक परत करायच्या निमित्तानं गेलो आणि हळूच विचारलं, "मामा, शनिवारी कराड येतंय. कुणाची बाजू धरू?"

"पाय न बघता सांगू व्हय?"

माझं पुस्तक त्यांनी घेतलं, पानं उलटून बघितली, फडक्यानं पुसलं, कपाटात जागा शोधून लावलं. मी निघालो. दारापर्यंत पोचलो तोच मागून बाही ओढली गेली.

"आपला गोलकीपर," मामा माझ्या कानाशी कुजबुजले, "अनवानी हुबा ऱ्हातोय, का बुटात?"

"बुटात."

"काढाय सांग त्येला," मामा म्हणाले आणि पुढच्या कपाटाकडे वळले.