विनोदी नटाचं दुःख, पाच हजारांत

जानेवारीतला दुसरा रविवार. ठरलेली रक्कम पाच हजार रुपये. ठरवताना हजर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, त्यांच्या सौभाग्यवती आणि खजिनदार म्हणून मी. फोनच्या दुसऱ्या टोकाला झाडीपट्टीच्या नाटकांत वीस वर्षं विनोदी कामं करणारा कुही गावाकडचा नट. कार्यक्रमाचं नाव ‘हसऱ्या चेहऱ्यामागचे अश्रू : मनमोकळ्या गप्पा’. अश्रू आहेत का, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. बॅनर आधीच छापून आला होता.

नट कार्यक्रमाच्या दिवशी नाटकासाठी जरीचं कापड घ्यायला इतवारीच्या बाजारात आला होता. मी त्याला स्कूटरवर घेऊन निघालो. वाटेत त्याच्या आईचा फोन आला. वडीसाठी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, दोन जुड्या आण, विसरशील तर घरात येऊ नको, हे मलाही स्पष्ट ऐकू आलं. फोन ठेवून तो म्हणाला, “साहेब, पैसे आजच भेटन ना? पोरगी नर्सिंगले आहे. उद्या होस्टेलची फी नाही भरली तर खोली खाली करा लागते तिले.”

मी हो म्हणालो.

संध्याकाळी स्टेजवर सेक्रेटरींनी सुरुवात केली. “लोकांना हसवताना तुमचे डोळे भरून येत असतील?”

“नाही येत. आमच्याकडे हसवणाऱ्याले हिरोपेक्षा जास्त पैसे भेटते. डोळे हिरोचे भरून येते.”

लोक हसले. सेक्रेटरी हसले नाहीत. त्यांच्या सौभाग्यवतींनी पहिल्या रांगेत टिश्यूचा डबा ठेवला होता. तो भरलेलाच होता.

“लहानपणी उपासमार?”

“घरचं धान होतं. पोटभर खाल्लं. मारही पोटभर खाल्ला.”

“निदान कोणी हिणवलं असेल?”

“बायको. अजून हिणवून राहिली.”

मध्यंतरात चहाच्या टेबलापाशी सेक्रेटरी माझ्यावर घसरले. “अहो, लोक हसताहेत! हसायला मोबाइल आहे की फुकट. असंच चाललं तर मानधन अर्धं.”

“पाच हजार ठरले आहेत,” मी म्हणालो.

“काय ठरलं ते बॅनरवर लिहिलं आहे. वाचा.”

नट शेजारीच बशीत चहा ओतून पीत होता. मला वाटलं, आता होस्टेलचं सांगेल. त्याने बशी खाली ठेवली. “दुःख पाहिजे होतं तर आधी सांगाचं ना, साहेब.”

दुसऱ्या भागात त्याने सांगितलं. भरलेला मंडप, अंगावर बाईच्या सोंगाचं लुगडं, आणि विंगेतून कोणीतरी कानात सांगतं, तुझी माय गेली. लोक हसताहेत. तो अंक पुरा करतो, लुगड्यातच घराकडे धावतो. टिश्यूचा डबा रांगेतून फिरला आणि रिकामा परत आला. सेक्रेटरींनी डोक्यावरची माकडटोपी काढून डोळे पुसले. हॉलमध्ये मी एकटाच कोरडा होतो. माझ्या कानात ती माय अजून सांबार मागत होती.

कार्यक्रम संपल्यावर मी त्याला बाजूला घेतलं. “तुमची आई तर दुपारी फोनवर होती!”

“आमच्या नाटकाचा तिसरा अंक आहे तो. मायनंच पाठ करून घेतला माह्याकडून.”

“मग होस्टेलचंच का नाही सांगितलं? ते तर खरं होतं.”

त्याने स्टँडवर लावलेल्या मोबाइलकडे बोट दाखवलं. “हे यूट्यूबवर टाकणार ना तुम्ही? पोरीच्या मैत्रिणी पाह्यतीन. ते दुःख तिचं आहे, साहेब. ते विकाले नाही आणलं.”

तेवढ्यात सेक्रेटरी आले. माकडटोपीने अजून डोळे पुसत. “खजिनदार, हजार जास्त द्या. आईच्या श्राद्धासाठी.”

“नको, साहेब,” नट घाईने म्हणाला. “माय रागावन.”

सेक्रेटरींनी आकाशाकडे पाहून हात जोडले.

पाच हजार रुपये मी तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवरून, त्याच्या सांगण्यावरून, थेट मुलीच्या होस्टेलच्या खात्यात भरले. हजार सोसायटीकडेच राहिले. त्याला बसवर सोडताना सांबाराच्या दोन जुड्या घेतल्या. त्याचे वीस रुपये भाजीवालीला मी माझ्या खिशातून दिले.