केनवडचा एकच नंबर

छापलेली बातमी दुसऱ्या दिवशी पोहे बांधायला जाते. न छापलेली मात्र डोक्यात बसून राहते. तीस वर्षं वार्ताहरकी केल्यावर अशा गोष्टींचा ढीग कमरेपर्यंत येतो. यंदाचा माझा सगळा ढीग एकाच कॉम्प्युटरमधून निघाला!

वाशिमच्या प्रतिभाताई, निवृत्त मुख्याध्यापिका, वधू-वर सूचक केंद्र चालवतात. रविवारी अनसिंगला परिचय मेळावा होता. "एकट्या केनवडहून अकरा मुलं येणार," ही बातमी मीच छापली होती. मंगळवारी पुस्तिका छापायला यादी काढली, तर केनवडचा एकच मुलगा! बाकीचे दहा गायब. प्रेसवाल्यानं गुरुवारी दुपारपर्यंतची मुदत दिली.

ताईंचा फोन आला, "दादा, पोरं नवे कपडे शिवून बसले. पुस्तिकेत नाव नसलं तं त्याईले कोन पायीन?"

*

आधी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला.

"सर, रीस्टार्ट केलं का?"

"अरे, मी मंत्र्यांना रीस्टार्ट केलंय! पोरं कुठं गेली ते सांग."

"सर, तुमची फाइल करप्ट झाली आहे. नवीन व्हर्जन घ्यावं लागेल."

"करप्ट म्हणतोस? पुरावा दे! आम्ही बिनपुराव्याचं आमदाराबद्दलही छापत नाही!"

त्यानं फोन ठेवला. आमदारही इथंच ठेवतात.

*

मग बसस्टँडसमोरच्या दुकानातून रहीमभाईंना उचलून ताईंच्या घरी आणलं. वाशिममध्ये बंद पडलेलं प्रत्येक मशीन शेवटी त्यांच्याच टेबलावर येतं. त्यांनी शांतपणे केनवडच्या त्या एकुलत्या एका मुलाचा मोबाइल नंबर पाहिला, नवीन फॉर्म उघडला, नाव टाकलं "रहीम", आणि खाली मुद्दाम तोच नंबर. सेव्ह केलं.

मुलगा गायब! त्याच्या जागी रहीम.

"ताई, तुमच्या नवरदेवाले मी खाऊन टाकलं!"

"अहो, तुमचं लग्न झालं ना?"

"घरी बोलू नका."

भानगड उघडी पडली. हे सॉफ्टवेअर माणूस ओळखायचं ते मोबाइल नंबरावरून. तोच नंबर पुन्हा आला, की जुना माणूस पुसून नवा बसवायचं. आणि केनवडच्या अकराही फॉर्मवर एकच नंबर होता!

*

तो नंबर देवरावकाकांचा. भाऊबंदांची सगळी पोरं तेच वेगवेगळ्या आठवड्यांत एकेक करून केंद्रात घेऊन आले होते. मी फोनवर चिडूनच विचारलं, पोरांकडे स्वतःचे मोबाइल नाहीत का?

"हायेत ना, दोन-दोन हायेत."

"मग तुमचा नंबर काहून?"

"पोरीच्या बापानं फोन केला अन् पोरगाच बोलला तं काय म्हनन तो? घरात कोनी मोठं हाये का नाही?"

बरं, सगळी एकदम का नाही आणली? एकाच दिवशी निदान लक्षात तरी आलं असतं.

"वा रे वा! दोघं संग आनले तं उंच पोरगा बुटक्याले मारते."

मी परत कंपनीला फोन लावला. "सर, ही युजरची चूक आहे," तो म्हणाला.

"तुमच्याकडे लग्नाचं बोलणं ज्याचं तो करत असेल. आमच्याकडे घरातलं मोठं माणूस करतं. हे ज्याला माहीत नाही, त्यानं लग्नाचं सॉफ्टवेअर विकायला बसावंच का?"

या वेळी फोन मी ठेवला.

*

"जुनी कॉपी आहे का कुठं?" रहीमभाईंनी विचारलं. ताई स्वयंपाकघरात गेल्या आणि तुरीच्या डाळीच्या डब्यातून पेन ड्राइव्ह काढून आणला. त्याला कडुलिंबाचा पाला चिकटलेला.

"डाळीले कीड लागत नाही, तं म्हटलं यालेही व्हायरस लागनार नाही."

ताई दर शनिवारी फाइलची कॉपी काढायच्या. फोल्डर डझनावर, नावांचा नमुना: "नवीन", "एकदम नवीन", "हेच नवीन", "हेच खरं नवीन". प्रत्येक कॉपीत त्या आठवड्यात आणलेला पोरगा शाबूत! रहीमभाईंनी ओळख मोबाइलवरून काढून फॉर्म नंबरावर बसवली आणि एकेकाला बाहेर काढलं. नऊ, दहा, अकरा. ताईंनी टाळ्या वाजवल्या.

"थांबा," रहीमभाई म्हणाले. "सर्वात जुन्या कॉपीत आनखी एक हाये."

देवराव. वय अठ्ठेचाळीस. अविवाहित. शेती. अपेक्षा: "काही नाही. बोलकी असावी."

काकांनी सगळ्यात आधी स्वतःचा फॉर्म भरला होता. पुढं पहिला पुतण्या आणला, आणि त्याच्या फॉर्मनं काकांना पुसून टाकलं. ताईंनी लगेच फोन केला, "भाऊ, कधी विचारलं काहून नाही?"

काका म्हणाले, "मले वाटलं, माह्या स्थळाले कोनी पुसतच नसन."

ताईंनी केनवडच्या यादीत बारावं नाव घातलं. पुस्तिका वेळेत छापून आली!

*

शनिवारी कंपनीचाच फोन. आवाज एकदम मऊ. "सर, आमच्या आणखी एका क्लायंटचं तसंच झालंय. तुमच्या माणसानं काय केलं ते सांगाल का?"

मी फोन रहीमभाईंना दिला. ते म्हणाले, "पहिले रीस्टार्ट करा."

*

रविवारी अनसिंगला मंडप भरला. केनवडची अकरा पोरं इस्त्रीच्या शर्टात पुढच्या रांगेत, काका सगळ्यात मागं. मेडशीच्या कांताबाई माइकजवळ आल्या. अंगणवाडीत सेविका, चाळिशी ओलांडलेल्या, एकट्या.

"ताई, केनवडचा हा नंबर तुमीच मले देला होता. भाचीसाठी. चार महिने झाले, मी याच्यावर बोलून राह्यली."

मागून कोणीतरी ओरडलं, "कांताबाई, भाचीचं तं दिवाळीतच लगन झालं!"

मंडप हसला. कांताबाई हसल्या नाहीत. त्यांनी पुस्तिका उघडली, केनवडच्या यादीवरून बोट खालपर्यंत नेलं, मग पर्समधून मोबाइल काढला आणि नंबर लावला.

शेवटच्या रांगेत फोन वाजला. काकांनी सवयीनं उचलला.

"हॅलो. कोनत्या पोराबद्दल बोलाचं हाये?"

"बाराव्या."