भावोजींना विकलेला प्लॅन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ताईला नाही, आणि जिचं नुकसान झालं त्या काजलला तर नाहीच. ऑफिसात माझी ख्याती अशी, की याच्या तोंडात तीळ भिजत नाही. पण हा एक तीळ मी दातांखाली धरून बसलोय. तुम्ही समोर बसलायत असं समजून बोलतो, मधेच अडखळलो तर थांबा जरा.

मी शेणवे गावचा. कल्याणला इलेक्ट्रिक गाड्यांच्या शोरूममध्ये विक्रीला आहे. आईवडील गेले, माझं लग्न काही जमलं नाही. रक्ताचं म्हणाल तर एक ताई, ती दिली मुरबाडकडे, सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका गावात. काजल तिची मुलगी, माझी एकुलती भाची.

आमच्याकडे गिऱ्हाईक गाडी पसंत करतं आणि मग हळूच विचारतं — तो देखभालीचा प्लॅन घ्यावा का हो? म्हणजे पुढच्या काही वर्षांच्या सर्व्हिसचे पैसे आधीच भरून टाकायचे, मग डोक्याला ताप नाही. खरं उत्तर काय आहे? इलेक्ट्रिक गाडीला इंजिन ऑइल नाही, त्याचा फिल्टर नाही, क्लच नाही. सर्व्हिसला उरतं काय — एसीचा फिल्टर, ब्रेकचं तेल, कूलंट, चाकांची अदलाबदल, आणि बाकी नुसतं बघणं. टायर झिजले, वायपर फाटला, खड्ड्यांनी सस्पेन्शन खाल्लं, तर आमच्या प्लॅनमध्ये यातलं काहीच बसत नाही. ज्याचं रोजचं धावणं लांबचं आहे आणि वर्कशॉप घराजवळ आहे, त्यानं फार तर घ्यावा. मुरबाडच्याही पुढे राहणाऱ्यानं कशाला घ्यावा? दर सर्व्हिसला त्याची अख्ख्या दिवसाची मजुरी बुडते. हे मला तेव्हाही तोंडपाठ होतं. आणि तरी भावोजींच्या, ताईच्या नवऱ्याच्या, गळ्यात मी तो मारला.

बरं, भावोजी काही अडाणी गिऱ्हाईक नव्हते. इतकी वर्षं मुरबाड-कल्याण जीप चालवली त्यांनी. गाडीच्या आवाजावरून दुखणं सांगायचे. मीच पाठी लागून त्यांना जीप विकायला लावली, इलेक्ट्रिक घ्यायला लावली. प्लॅनला ते नको म्हणत होते. तेव्हा मी कंपनीची हमी आणि हा प्लॅन यांची मुद्दाम खिचडी केली. म्हणालो, प्लॅन नसेल आणि दुसऱ्या कुणाचा हात गाडीला लागला, तर हमी गेली समजा. मेहुण्याचा शब्द — त्यांनी मान डोलावली. कुंपणानंच शेत खाल्लं, दुसरं काय?

पण कबूल करायचंय ते हे नाही. हे तर मी कित्येकांशी केलंय.

आवणीच्या दिवसांत, भातलावणी चालू असते तेव्हा, त्यांच्या घरी सगळी चाकं थांबतात. घरचं प्रत्येक माणूस शेतात. जीप होती तेव्हा भावोजी तिच्या बॅटरीची तार सोडून ठेवायचे, म्हणजे उभ्या उभ्या बॅटरी उतरून बसत नाही. इलेक्ट्रिक गाडीलाही मोठ्या बॅटरीखेरीज तशीच एक छोटी असते, गाडी जागी करायला. ती बसली, तर मोठी काठोकाठ भरलेली असून गाडी मेलेली. पाऊस लागल्यावर त्यांनी फोन करून विचारलं होतं, तार सोडू का? मला माहीत नव्हतं. वर्कशॉपला विचारायचा मला कंटाळा आला. मी म्हणालो, तुमी हात लावू नका.

आवणी संपली. काजलला ठाण्याच्या एका कॉलेजात नर्सिंगला जागा लागली होती. ते पोरगं — मी तिला पोरगंच म्हणतो — लहानपणापासून गावात कुणाला सुई टोचायला नर्सबाई आली की पळून न जाता पुढे येऊन बघत उभं राहायचं. जागा पक्की करायच्या शेवटच्या दिवशी सकाळी भावोजींचा फोन आला.

"गाडी चालूच व्हत नाय रे. छोटी बॅटरी बसली वाटतं. शेजाऱ्याची जीप अजून दारात हाय, तार लावू का तिची? पोरीला ठाण्याला न्यायचीय, आज शेवटचा दिस हाय."

ऐकलंत ना? शेवटचा दिवस. त्यांनी सांगितलं होतं मला. रेंजसाठी बांधावर येऊन बोलत होते, घरात कुणी ऐकलं नाही.

जीपची तार लावली असती तर गाडी चालू झाली असती. हे कळायला मेकॅनिक लागत नाही. मग मी नाही का म्हणालो? सांगतो — सांगायचंच आहे. प्लॅनमध्ये बंद पडलेली गाडी उचलून न्यायची सोय होती. माझ्या डोळ्यांसमोर आलं, की कंपनीची मोठी गाडी, रंगीत पट्ट्यांची, ताईच्या अंगणात शिरतेय आणि सगळा गाव बघतोय. बघा, म्हणतोय, मेहुण्यानं दिलेला प्लॅन कसा कामाला आला. त्या गावात आणखी दोघं-तिघं गाडी घ्यायच्या विचारात होते.

म्हणालो, "तार लावू नका. दहापर्यंत कंपनीची गाडी येते बघा, मी पाठवतो, तीच माणसं चालू करून देतील."

त्यांनी शेजाऱ्याला जाऊ दिलं नाही लगेच. थांबवून धरलं थोडा वेळ. आणि मला हेल्पलाइननं सांगितलं, की ते गाव हद्दीच्या बाहेर पडतं, वरून परवानगी आणावी लागेल, दुपार होईल. तेव्हाच उलटा फोन करायला हवा होता. केला नाही. समोर एक कुटुंब बसलं होतं आणि मी त्यांना प्लॅन समजावत होतो. भावोजींचा फोन वाजला, मी कट केला. परत वाजला, परत कट केला.

जीप गेली. एसटीही गेली. कंपनीची गाडी काही आलीच नाही. बाप-लेक चिखलातून फाट्यापर्यंत चालत गेले, मिळेल त्या गाडीनं मुरबाड, कल्याण, ठाणं. पोचले तेव्हा खिडकी बंद झाली होती. जागा दुसऱ्या कुणाला गेली.

संध्याकाळी मी ताईकडे गेलो. काजल भिंतीकडे तोंड करून बसली होती. ताई मला बघून रडायला लागली, म्हणाली, असं कसं रे झालं? आणि मी — सगळ्यांसमोर, काजलच्या देखत — म्हणालो, "भावोजी, आदल्या दिवशी चालू करून बघायची नाय का गाडी? आणि आज शेवटचा दिवस हाय, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी काहीतरी केलं असतं."

चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच.

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. मग ताईकडे बघितलं. तिला भाऊ म्हणून मी एकटा, हे त्यांच्या मनात आलं असणार. खाली मान घालून एवढंच म्हणाले, "चुकलं माझं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शेजाऱ्याच्या जीपची तार लावली. गाडी एका झटक्यात चालू झाली. मी रात्री तिथेच राहिलो होतो, पडवीत उभा होतो. ते माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत.

प्लॅन संपेपर्यंत ते दर सर्व्हिसला कल्याणला येत राहिले. माझ्या टेबलाशी कधी आले नाहीत, बाहेरच्या बाकड्यावर बसून राहायचे. काचेतून मला त्यांची पाठ दिसायची. मीही कधी बाहेर गेलो नाही. चहा घेता का, एवढं विचारायलाही पाय उचलला नाही. भाऊबीजेला ओवाळून घेतलं की काहीतरी काम सांगून मी जेवायच्या आधी निघतो. शेणव्याच्या घरी येऊन एकट्यापुरता भात शिजवतो. माझंच मला नकोसं होतं तेव्हा.

काजल मुरबाडच्या एमआयडीसीत पॅकिंगला लागली. बापाशी कामापुरतं बोलायची. मनातलं सगळं मात्र मला सांगायची — मामा म्हणून. आणि मी ऐकून घ्यायचो.

यंदा तिचं लग्न झालं. मांडवात माझा फेटा सुटायला लागला, तर भावोजींनी पुढे होऊन स्वतःच्या हातानं नीट बांधला. मग भटजींनी पुकारलं — मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. मी आत गेलो, काजलचा हात धरला. उंबऱ्याशी ती थांबली.

"मामा," ती हळूच म्हणाली, "त्या ॲडमिशनचं आता डोक्यात नाय ठेवलं मी. बाबांना माफ केलं."

मी म्हणालो, "बरं केलंस."

आणि तिला घेऊन मंडपात गेलो.