दाजींच्या कॅमेऱ्यासाठी पिशवी

कॅमेरा दाजींचा होता, म्हणून पिशवीची एवढी काळजी. माझा स्वतःचा असता तर टॉवेलात गुंडाळून नेला असता.

लातूर नवा जिल्हा झाला आणि त्याच्या पाठोपाठ दुष्काळ आला. नव्या जिल्ह्याचं एक प्रदर्शन भरणार होतं. त्यासाठी उदगीरकडच्या टेकड्यांचे आणि आटलेल्या तळ्यांचे फोटो मी काढायचे ठरले. तिकडे पायीच जायचं होतं. माझ्याकडे हौस होती, कॅमेरा नव्हता. नांदेडला दिलेल्या ताईनं नवऱ्याकडून तो मागून घेतला. दाजी म्हणाले, "फक्त धुळीला जपा. आत शिरली की संपलं." निघताना ताई दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "ह्याला काही झालं तर तुला कोण बोलणार न्हाई. मला बोलतील." ताईच्या सासूबाईंच्या तोंडाबद्दल मी ऐकून होतो.

मग पिशवीचा शोध. रेक्झिनची बॅग एका खांद्यावर, चढताना पुढं घसरणार. शबनम पिशवी तर वरून उघडीच. शेवटी नांदेडच्या जुन्या बाजारात दोन पट्ट्यांची खाकी पाठपिशवी दिसली. मी ती उलटीसुलटी केली, शिवणीत बोट घातलं, आत दगड भरून दुकानासमोर उड्याही मारल्या. दुकानदार गंमत बघत होता. "घ्या बिनधास्त, मालक. ह्यात लेकरू झोपवलं तरी जागं व्हायचं न्हाई."

लेकराची मला चिंता नव्हती. उदगीरला घरी आल्यावर मी पिशवीत धुतलेला पांढरा रुमाल ठेवला आणि गाडीवाटेनं सायकल हाणली. त्या वर्षी रस्त्यांवर घोट्याएवढा फुफाटा. रुमाल काढला तो मातकट झालेला.

ते बघून आमची आई, जिला आम्ही अव्वा म्हणायचो, सुई-दोरा घेऊन बसली. जुन्या वाकळेचं अस्तर लावलं, तोंडाला झाकण शिवलं, त्यावर दुसरं झाकण. "किती काळजी करायलास रे," म्हणाली, "पोरीला नांदायला धाडताना मी इतकी केली न्हाई." पुन्हा रुमाल, पुन्हा सायकल. या वेळी रुमाल पांढरा निघाला. मला त्या दिवशी पोटभर जेवण गेलं.

हत्तीबेटाच्या टेकडीच्या वाटेवर मात्र मी धड चाललोच नाही. वावटळ दिसली की पिशवी पोटाशी घेऊन पाठ करून उभा राहायचो. वर पोचल्यावर हात पुसले, दोन्ही झाकणं उघडली आणि आत बघितलं. कॅमेरा पांढराफटक झाला होता.

आमच्याकडची धूळ काळी. ही पांढरी कुठून आली ते कळेना. मग अस्तराच्या कोपऱ्यात अव्वानं शिवलेला एक चोरखिसा लागला. त्यात कागदाची पुडी होती, फुटलेली. विभूतीची वडी, कपाळाला लावायचं पांढरं भस्म. माझ्या चालण्यानं तिचा चुरा झाला होता. साऱ्या तालुक्याची धूळ मी बाहेर अडवली आणि कुंपणानंच शेत खाल्लं. फुंकर मारून, सदऱ्यानं पुसून फोटो काढले खरे, पण मला समोर टेकडी दिसत नव्हती, ताईचं तोंड दिसत होतं.

घरी येऊन मी अव्वावर ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "परक्याची वस्तू नीट माघारी जावी म्हणून घातली. देवाची हाय. तिनं काय वाईट हुतंय?"

फोटो बरे आले. तरी कॅमेरा परत द्यायला नांदेडला गेलो तेव्हा गाडीत सगळी वाट मी सबबी जुळवत होतो. घरात सासूबाई पलंगावर बसलेल्या, ताई चौकटीला टेकून उभी. दाजींनी कॅमेरा हातात घेतला आणि लेन्सची कडी फिरवली. कर्र झालं. सगळ्यांनी ऐकलं. दाजींचं बोट पांढरं झालं होतं.

"काय हाय त्ये?" सासूबाईंनी विचारलं.

जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. "विभूती," मी म्हणालो. "अव्वानं पिशवीत घातली होती. कॅमेरा सुखरूप यावा म्हणून."

ताईनं पदराचं टोक मुठीत आवळलं. दाजी बोटाकडे बघत राहिले. दुसरं काही असतं तर त्यांनी ते पँटला पुसलं असतं. त्यांनी बोट कपाळाला लावलं. मग सासूबाईंनीही डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मान पुढं केली. दाजींनी पुन्हा कडी चाचपली, बोटाला लागली तेवढी आईच्या कपाळाला लावली.

कडी पुन्हा कर्र वाजली. "होईल साफ," दाजी म्हणाले. बघत होते ताईकडे.

"चहा टाक की," सासूबाई म्हणाल्या. "तुझा भाऊ उन्हातनं आलाय."

ताई आत गेली. बराच वेळ आतून कपबशा एकमेकींवर वाजत राहिल्या.