ह्यांच्या पत्रिकेच्या दिवशी मशीन उठेना

ह्यांची तेराव्याची पत्रिका बस स्टँडजवळच्या दुकानात होता कामा नये, एवढी एकच गोष्ट मला त्या आठवड्यात कळत होती. बाकी कोण येऊन बसून गेलं, मी काय खाल्लं, ते आज विचाराल तर मला सांगता यायचं नाही.

चाकूरला घराच्या पुढच्या खोलीत आमचं डीटीपीचं दुकान. लग्नाच्या पत्रिका, बारशाच्या, पावती पुस्तकं, आणि कुणी गेलं की तेराव्याच्या. मी टाइप करायची, हे वाचून तपासायचे. छपाई लातूरला, ह्यांच्या जुन्या दोस्ताच्या प्रेसवर. बस स्टँडजवळच्या दुकानदाराशी माझं वैर नाही. पण तो मयताच्या पत्रिकेवर मावळता सूर्य घालतो, आणि सूर्यापुढं दोन हंस. हे त्या पत्रिका जपून ठेवायचे आणि जेवताना काढून हसायचे. "मला हंस लावू नका बरं का," म्हणायचे. मीही हसायची.

मुलगा मस्कतहून येईपर्यंत ह्यांना फ्रीजरच्या पेटीत ठेवावं लागलं. पुढच्या खोलीत धड प्लग एकच, कॉम्प्युटरचा. ह्यांनी सकाळी चालू केलेलं मशीन तेव्हाही चालूच होतं. कुणीतरी तशीच वायर ओढून काढली, टेबल भिंतीकडं सरकवलं, पेटी लावली. पुढं पेटी गेली, त्या जागी दिवा लागला. वायर परत लावली तर मशीन उठेना.

त्या दिवशी गुरुवार होता. लातूरहून प्रेसवाल्या भाईंचा फोन आला. "भाबी, उद्या जुम्मा, आपलं मशीन बंद राहतंय. परवा छापलं तर वाटणार कधी? मगरिबपर्यंत, दिवस बुडायच्या आत फाइल द्या, मी प्लेट रोकून ठेवतो."

"देते," मी म्हटलं.

मुलगा म्हणाला, "आई, मोबाइलवर पाच मिनिटांत होतंय. न्हाईतर मी बस स्टँडला जाऊन येतो."

"तू जाऊन झोप."

आमचे फॉन्ट, आमच्या जुन्या पत्रिका, सगळं त्या मशीनमध्येच. ते उठलं तर पत्रिका आमच्या घरची, नाही उठलं तर हंसवाली. मी टेबलाखाली जाऊन बसले. माझ्या मुलीची मुलगी, नांदेडला कॉलेजात असते, ती येऊन शेजारी बसली.

"आजी, पंखा तर फिरून राहिलाय."

"पंख्याला काय होतंय फिरायला. पडदा काळा हाय ना."

मॉनिटरची वायर काढली, फुंकली, घट्ट लावली. काळा. दुसऱ्या प्लगवरून वायर आणली. काळा. पोरीनं मोबाइलमध्ये बघितलं आणि म्हणाली, "आजी, ह्यात सांगून राहिलेत, आतली रॅमची पट्टी काढा आणि खोडरबरनं घासा."

खोडरबर म्हटल्यावर मला हसू आलं. बाहेर भेटायला आलेल्या बायका बसल्या होत्या, त्यांनी वळून पाहिलं.

हे मशीन आम्ही नांदेडहून आणलं, तेव्हाची मी म्हणजे एक नमुना होते. टायपिंगची परीक्षा पास झालेली, लई शहाणी. टाइपरायटरची सवय, ओळ संपली की कॅरेज ढकलायची. म्हणून ही बया प्रत्येक ओळीच्या शेवटी मॉनिटरला धक्का द्यायची. सरकत सरकत तो टेबलाच्या कडेला लागला, तेव्हा ह्यांनी त्याला सुतळीनं बांधून टाकला. चप्पल घालून कुणी आत यायचं नाही. रात्री मशीनवर माझी लग्नातली शाल. शेजारीण विचारायची, "त्याला थंडी वाजती का?" तर बया गंभीर तोंड करून सांगणार, "आत नाजूक असतंय."

एक दिवस ते असंच काळं पडलं. ह्यांनी डबा उघडला, आतली पट्टी काढली आणि खोडरबर मागितलं. मला घाम फुटला. आदल्याच दिवशी मी एका लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या जागी त्याच्या बापाचं नाव घातलं होतं. मला वाटलं, ती चूक आत जाऊन अडकली आणि आता हे ती खोडून राहिले. मी चुलीपुढं जाऊन बसले. मशीन सुरू झाल्याचा आवाज आल्यावर दारात येऊन हळूच विचारलं, "अहो, सगळ्या निघाल्या का?"

"काय?"

"चुका."

ह्यांनी एकवार माझ्याकडं बघितलं. "निघाल्या. पण पुन्हा करू नको. रबर झिजून राहिलंय."

त्यानंतर कितीतरी दिवस मी सांभाळून टाइप करायची. खरं काय ते ह्यांनी सांगितलंच नाही. मीच एकदा गिऱ्हाइकापुढं ज्ञान पाजळलं, तेव्हा ते पोट धरून हसलं आणि मग मला कळलं.

हे सगळं पोरीला सांगता सांगता मी डब्याचे स्क्रू काढले. आत पंख्यावर धुळीची मऊ गादी बसलेली. ब्रशनं ती काढली. दोन्ही टोकाच्या खिट्ट्या दाबल्या, पट्टी वर आली.

"घास," मी म्हटलं. "हे पिवळे दात दिसतात ना, ते चमकेपर्यंत. बोट लावू नको त्याला."

तिनं घासली, बसवली. बटण दाबलं. काळा.

"आजी, राहू दे गं आता."

"एकाच खिट्टीचा आवाज आला. दुसरी बसली न्हाई. काढ, परत लाव. अंगठ्यानं दाब."

ह्या खेपेला दोन्ही खिट्ट्या वाजल्या. बटण दाबलं आणि मशीननं एक बारीक शिट्टी दिली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. पोरीनं वाचून एफ-वन दाबलं. "आतला सेल उतरलाय आजी. इतकी वर्षं प्लगवर निभावलं. वायर काढल्याबरोबर तारीख विसरलं."

कोपऱ्यात कुठल्यातरी जुन्या सालातली एक जानेवारी दिसत होती. त्या साली ही पोर जन्मली नव्हती.

"नीट करू का?"

"आधी पत्रिका."

आमची पद्धत अशी की जुनी फाइल उघडायची आणि नावं बदलायची. सरळ काळी चौकट, वर दोन ओळी, मधे नाव. जन्मात मी ह्यांचं नाव उखाण्याशिवाय तोंडानं घेतलं नाही, पण टाइप करायला कुणाची मनाई नव्हती. नावाआधी 'कै.' लागतं. तेही टाइप केलं. काही झालं नाही. बोटांना ते येत होतं, कितीतरी घरांसाठी केलेलं.

मग पोरीला म्हटलं, "वाच मोठ्यानं." तपासताना हे टिंबासकट वाचायचे. कै टिंब, श्री टिंब, स्वल्पविराम, पूर्णविराम. पोर पहिल्या ओळीतच रडायला लागली.

"रडत नको वाचू. टिंबं वाच."

तिनं नाक पुसलं आणि टिंबं वाचली. खाली दुःखांकित म्हणून मुलगा, दीर, पुतणे, समस्त परिवार. वाचून झाल्यावर ती थांबली. "आजी, तुझं नाव कुठंय?"

"ह्यात बायकोचं नसतंय."

"का?"

इतक्या पत्रिका केल्या, मला कुणी विचारलं नव्हतं. मलाही कधी वाटलं नव्हतं. मी पडद्याकडं बघत बसले. मग अगदी तळाशी, चौकटीच्या आत, बारीक अक्षरात आमच्या दुकानाची ओळ घातली. 'अक्षरजुळणी', म्हणजे माझं काम, पुढं दुकानाचं नाव, पुढं चाकूर. लग्नाच्या पत्रिकेवर घालतो तशीच.

पोर दचकली. मयताच्या पत्रिकेवर दुकानाचं नाव घालायचं नाही, हा ह्यांचा कायदा होता. लोकाच्या दुःखावर जाहिरात करायची नाही म्हणायचे. घरातल्या लेकरालाही तो ठाऊक.

"आजी, आजोबा रागावतील."

"मग येऊ दे की रागवायला."

तिनं फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, पेन ड्राइव्ह तिच्या मोबाइलला लावला आणि लातूरला पाठवून दिली. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. थोड्या वेळानं भाईंचा फोन.

"भाबी, पोचलं. फक्त खाली दुकानाची लाइन राहिलीय चुकून. काढून टाकू?"

"चुकून न्हाई," मी म्हटलं. "राहू द्या."

तिकडं मशीनचा आवाज येत होता. 

"हाव भाबी," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

पोर डब्याचे स्क्रू लावायला बसली होती. त्यातला एक सापडत नव्हता. मी खाली वाकून तिच्यासोबत तो शोधू लागले.